घरात आजारपण आलंय, सिगारेट सोडायचीय
वडिलांना हार्ट अटॅक आला की सिगारेट सोडायची इच्छा उसळते, पण ती भीतीपोटी. पेशंट घरी परतला की ओसरते. त्यात जागरणं आणि दवाखान्यासमोरची टपरी! म्हणून डिस्चार्जची वाट न पाहता दोन आठवड्यांच्या आतली तारीख ठरवा. तंबाखू सोडायला फोनवर मदत करणारी मोफत क्विटलाइन: १८००-११-२३५६.

उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागते? मग डॉक्टरांना विचारून ४ मिलिग्रॅमचं निकोटीन गम (तलफ कमी करणारं, चघळायचं औषध) घ्या, एरवी २ मिलिग्रॅमचं. हळू चावा, झिणझिण्या आल्या की गालात धरा. सलग चघळलं तर उचक्या, मळमळ. आधी १५ मिनिटं चहा-कॉफी नको, निकोटीन नीट शोषलं जात नाही.

घरच्यांनी ‘बाबांकडे बघ जरा’ हे टोमणे मारू नयेत, त्यानं तलफ वाढतेच. सिगारेट सोडल्यावर पहिल्या तीन दिवसांत दवाखान्यातली रात्रपाळी मात्र दुसऱ्याला द्या.