उन्हाळी परसबागेची तयारी

मराठवाड्यात भेंडी, गवार, काकडी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात टोकावी. उशीर झाला की फुलं एप्रिलच्या उन्हात गळतात.

खरी मेहनत काळ्या मातीची. वाफशावरच खणा, म्हणजे माती ओलसर असेल पण हाताला चिकटणार नाही तेव्हा. ओली खणली तर ढेकळं वाळून दगडासारखी होतात, मग फोडत बसा. वीतभर खोल खणून चौरस मीटरला ३-४ किलो शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळा. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं, कच्च्यातून हुमणी (मुळं खाणारी पांढरी अळी) येते. गादीवाफे (जमिनीपेक्षा उंच केलेले वाफे) पावसाळ्यात ठीक. उन्हाळ्यात ते लवकर सुकतात, म्हणून सपाट वाफेच करा.

भेंडीचं बी रात्रभर भिजवून २-३ सेंमी खोल, दोन रोपांत ३० सेंमी अंतर. रोपं वीतभर झाली की सोयाबीनच्या भुसकटाचा ५ सेंमी थर द्या, नाहीतर जमीन भेगाळून मुळं तुटतात. भुसकट खोडाला चिकटू देऊ नका, वाळवी लागते.