पाकिटावर पत्ता सरकतोय? स्पेसबार दाबण्याआधी या चुका टाळा

स्क्रीनवर पत्ता पाकिटाच्या बरोबर मध्ये दिसतो, पण छापून येतो तो कडेला, कधी तिरका, तर कधी निम्माच. मग आपण काय करतो? एंटर मारून पत्ता खाली ढकलतो, स्पेस देऊन उजवीकडे सरकवतो आणि पुन्हा छापतो. मीही बरीच वर्षं हेच करायचो. पाच-सहा पाकिटं वाया जायची आणि मूळ दुखणं तसंच राहायचं.

म्हणून आधी फाइलला हात लावू नका. साधा कागद पाकिटाच्या मापात कापा, जी कड आधी आत जाते तिच्यावर पेन्सिलने बाण काढा आणि तीच फाइल लागोपाठ तीनदा छापा. तिन्ही वेळा अक्षरं एकाच चुकीच्या जागी आली, तर घोळ सेटिंगमध्ये आहे. दर वेळी जागा बदलली किंवा ओळ तिरपी आली, तर कागद आत जाताना घसरतोय. आणि कागद सरळ येतो पण पाकीटच वाकडं येतं, असं असेल तर दोष पाकिटाचा.

सेटिंगमध्ये सर्रास होणारी चूक म्हणजे माप दोन ठिकाणी वेगळं असणं. वर्डमध्ये पाकीट निवडलेलं असतं, पण प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, ए-४ तसंच राहिलेलं असतं. दोन्हीकडे एकच माप हवं. नावावर जाऊ नका, पट्टीने मोजा. डीएल पाकीट 220 × 110 मिमी असतं, तर वर्डच्या यादीतलं 'साइज १०' साधारण 241 × 105 मिमी. लांबीतच दोन सेंटिमीटरचा फरक!

दुसरी चूक पाकीट ठेवण्याच्या जागेची. काही प्रिंटर कागद ट्रेच्या मधोमध धरतात, काही एका कडेला. वर्डमध्ये 'मेलिंग्ज'मधल्या 'एन्व्हलप्स'मध्ये जाऊन 'ऑप्शन्स' उघडा. तिथे 'प्रिंटिंग ऑप्शन्स'मध्ये पाकीट कसं आत जाणार याची छोटी चित्रं दिसतात. आता हिशोब बघा: ए-४ ची रुंदी 210 मिमी, आखूड कडेने आत जाणाऱ्या डीएलची 110. चित्र कडेचं निवडलं आणि प्रिंटर मधोमध धरणारा असला, तर पत्ता निम्म्या फरकाने, म्हणजे 50 मिमीने सरकतो. तुमचा पत्ता जवळजवळ पाच सेंटिमीटर बाजूला जात असेल, तर पहिला संशय इथेच घ्या. पत्ता उलटा आला, तर पाकीट फिरवून ठेवा किंवा तिथलाच फिरवण्याचा पर्याय बदला.

पीडीएफवरून छापताना 'फिट' निवडलेलं असेल, तर अक्षरं लहान-मोठी होऊन जागा सोडतात. 'अ‍ॅक्चुअल साइज' घ्या. बॉर्डरलेस छपाई बंदच ठेवा, कारण कडेपर्यंत शाई पोचावी म्हणून त्यात मजकूर किंचित मोठा केला जातो.

आता तिरपेपणा. बहुतेक वेळा ट्रेमधले गाइड, म्हणजे कागद बाजूने धरणारे सरकते तुकडे, सैल राहिलेले असतात. ते पाकिटाला नुसते टेकले पाहिजेत. आवळलेत तर पाकीट मध्ये फुगतं आणि वाकडंच जातं. पाकीट म्हणजे काही सपाट कागद नव्हे. झाकणाच्या बाजूला थर जास्त, आत हवा, आणि सांधे उंच. टेबलावर ठेवून पट्टीने कडा दाबून घ्या, विशेषतः आधी आत जाणारी कड. मागून कागद घालायची सोय असेल तर तीच वापरा, तिथे पाकिटाला कमी वळावं लागतं. एका वेळी एकच पाकीट घाला. गठ्ठा लावून चहाला गेलात, तर परत येईपर्यंत दोन-तीन तरी अडकलेली सापडतील! झाकण कोणत्या बाजूला ठेवायचं, हे प्रिंटरगणिक बदलतं. ट्रेजवळ कोरलेलं छोटं चित्र बघा.

एवढं करूनही तीन-चार मिलिमीटरचा ठरावीक फरक राहिला, तर मात्र 'ऑप्शन्स'मधले 'फ्रॉम लेफ्ट' आणि 'फ्रॉम टॉप'चे आकडे बदला. जमलेली फाइल वेगळ्या नावाने ठेवा आणि ट्रेमध्ये नीट बसलेल्या पाकिटाचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी झाकण कुठल्या बाजूला होतं, हे हमखास आठवत नाही.