सुपरहिरो नेमका कोणाचा? पोस्ट टाकण्याआधी या चुका टाळा

एका छोट्या क्विझसाठी मी प्रश्न काढला होता, बॅटमन कोणी निर्माण केला, आणि उत्तर म्हणून बिनधास्त 'बॉब केन' लिहून मोकळा झालो. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला, म्हणाला, सर, बिल फिंगर राहिला की. मी त्याला गप्प बसवलं, मार्क तर दिलेच नाहीत, आणि रात्री घरी येऊन शोधत बसलो तर पोरगं शंभर टक्के बरोबर. त्या दिवसापासून या विषयाचा नादच लागला म्हणा ना. आणि सगळीकडे त्याच त्याच चुका दिसतात, ग्रुपवर, रीलमध्ये, यूट्यूबवर.

मुळात गोची अशी आहे की 'कोणाचा' या एका शब्दात आपण तीन प्रश्न कोंबतो. डोक्यातून कोणाच्या निघाला, नाव कोणाचं छापलं जातं, आणि हक्क कोणाकडे आहेत. बऱ्याचदा तिन्हींची उत्तरं वेगवेगळी असतात, म्हणून वाद रात्री दोनपर्यंत चालतो आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात. वाद अडकला की आधी हे विचारा, आपण यातल्या कुठल्या प्रश्नावर भांडतोय?

'१३० डॉलरला सुपरमॅन विकला, बिचारे!'

हे खरंय, पण अर्धंच. क्लीव्हलंडची दोन पोरं, जेरी सीगल लिहिणारा आणि जो शुस्टर काढणारा. सुपरमॅन त्यांनी आधीच तयार करून ठेवला होता, वर्तमानपत्रात रोज छापायची पट्टी म्हणून, आणि वर्षानुवर्षं सगळीकडून नकार खाल्ला होता. शेवटी १९३८ मध्ये एका प्रकाशकाने (आजची डीसी कंपनी) घेतला तेव्हा तीच पट्टी कापून चिकटवून कॉमिकची पानं बनवली आणि 'अॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक निघाला. १ मार्च १९३८ चा तो चेक एकूण ४१२ डॉलरचा होता, बाकीच्या कामाचेही पैसे त्यात होते, सुपरमॅनचे त्यातले १३०, आणि दोघांची नावंसुद्धा चुकीच्या स्पेलिंगने लिहिली होती. तोच चेक २०१२ मध्ये लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला गेला. म्हणजे कागदाच्या तुकड्याला मिळाले ते बघा आणि माणसांना मिळाले ते बघा.

पण पोस्ट इथेच थांबते ही चूक. त्यानंतर कित्येक वर्षं दोघं सुपरमॅनवर काम करून बऱ्यापैकी कमवत होते. खरी वाट लागली ती १९४७ ला कोर्टात गेल्यावर. १९४८ ला सुमारे ९४ हजार डॉलरवर तडजोड झाली, हक्क गेले ते गेलेच, वर अंकांवरून नावंही उडाली. १९७५ साली, सुपरमॅनचा मोठा सिनेमा येणार अशी हवा असताना, सीगलने सगळ्या जगासमोर तक्रार मांडली, नील अॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे चित्रकार पाठीशी उभे राहिले, तेव्हा कुठे कंपनीने दोघांना वर्षाला २० हजार डॉलर आणि छापील श्रेय द्यायचं कबूल केलं. शुस्टरची नजर तोवर पार अधू झाली होती. लक्षात घ्या, ते श्रेय कुठल्या कोर्टाने दिलेलं नाही, ते लोकलाजेने मिळालं.

'कोर्टात वारस जिंकले, आता सुपरमॅन त्यांचा'

ही २००८ ची बातमी अजून फिरतेय आणि लोक अजून तावातावाने शेअर करतायत. अमेरिकेत १९७६ च्या कायद्याने अशी सोय केली की जुन्या कामाचे विकलेले हक्क ५६ वर्षांनी निर्माता किंवा त्याचे वारस परत मागू शकतात. सीगलच्या घरच्यांनी नोटीस दिली, २००८ ला कोर्टाने पहिल्या अंकापुरतं त्यांचं म्हणणं मान्यही केलं. पण ते सीगलच्या वाट्यापुरतं, तेही फक्त अमेरिकेतल्या हक्कांपुरतं, बाकी जगातले हक्क कंपनीकडेच. आणि २०१३ मध्ये वरच्या कोर्टाने म्हटलं की २००१ सालच्या एका पत्राने वारसांनी कंपनीशी करार केलेलाच होता, विषय संपला. शुस्टरच्या बाजूचं तर १९९२ लाच त्याच्या बहिणीने पेन्शन वाढवून घेताना सही केलेल्या कागदावर अडलं. तेव्हा कोर्टाची बातमी शेअर करताना तारीख बघा आणि पुढे अपील झालं का तेवढं तरी शोधा.

'मग जॅक कर्बीच्या घरच्यांना का नाही मिळालं?'

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात आणि खरं म्हणजे सगळ्या वादाची किल्ली इथेच आहे. सुपरमॅन आधी बनला, मग विकला. फँटॅस्टिक फोर, हल्क, थॉर, एक्स-मेन ही चित्रकार कर्बीची पानं मार्व्हल कंपनीने मागितली म्हणून, मार्व्हलच्या पैशावर काढली गेली, असं कोर्टाने धरलं. अशा कामात कायद्याच्या नजरेत निर्माता कंपनीच, मग विकणं नाही आणि परत मागणंही नाही. कर्बीच्या मुलांनी २००९ ला नोटिसा दिल्या, २०११ ला हरले, २०१३ ला अपिलात हरले, आणि सुप्रीम कोर्ट हे प्रकरण घ्यायचं की नाही ठरवणार त्याच्या काही दिवस आधी, सप्टेंबर २०१४ मध्ये, दोन्ही बाजूंनी तडजोड केली. त्यानंतर सिनेमांत कर्बीचं नाव ठळक दिसायला लागलं. मला विचाराल तर घरी बसून, स्वतःच्या टेबलावर, पानामागे पैसे घेऊन काढणाऱ्या माणसाला 'कंपनीने बनवलं' म्हणणं पटत नाही, पण निकाल निकाल आहे, पोस्टमध्ये तो उलटा सांगू नका.

याच्याच आसपासची अजून एक गफलत म्हणजे मूळ चित्रं. तो कागद आणि त्यावरचा हक्क या वेगळ्या वस्तू. ऐंशीच्या दशकात कर्बी फक्त आपली मूळ पानं परत मागत होता, तर त्याला इतरांपेक्षा वेगळा, चार पानी लांबलचक फॉर्म पाठवला. शेवटी सुमारे दोन हजार पानं मिळाली, त्याने काढलेल्या पानांच्या मानाने थोडीच.

'सगळं स्टॅन लीने बनवलं' आणि 'स्टॅन लीने काहीच बनवलं नाही'

ली म्हणजे मार्व्हलचा लेखक-संपादक. दोन्ही टोकं सोडा. मार्व्हलमध्ये पद्धत अशी होती की आधी थोडक्यात गोष्ट ठरायची, कधी नुसत्या गप्पांत, मग चित्रकार पानंच्या पानं स्वतः रचून काढायचा, आणि संवाद नंतर ली भरायचा. आता यात लेखक कोण आणि चित्रकार कोण, तुम्हीच सांगा. सिल्व्हर सर्फर तर कर्बीने आपल्या मनानेच पानावर काढून आणला होता, हे खुद्द लीने सांगितलंय. स्पायडरमॅन लिहिताना ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको अशी दोन्ही नावं द्या. आणि ली मालक होता असं समजणाऱ्यांसाठी, २००२ मध्ये सिनेमाच्या नफ्यातल्या १० टक्क्यांसाठी त्यालाच मार्व्हलवर दावा लावावा लागला होता.

'नाव एकच म्हणजे हिरो एकच'

कॅप्टन मार्व्हल. १९४० चा मूळचा फॉसेट कंपनीचा, सुपरमॅनची नक्कल म्हणून खटला भरला गेला, १९५३ ला फॉसेटने पैसे देऊन अंक बंद केले. नाव मोकळं पडलं तसं १९६७ ला मार्व्हलने आपला वेगळा हिरो काढून ते पटकावलं. पुढे डीसीने जुना हिरो घेतला पण अंकाचं नाव 'शझॅम' ठेवावं लागलं. हिरोच्या गोष्टींचा हक्क (कॉपीराइट) एकाकडे, अंकावरच्या नावाचा (ट्रेडमार्क) दुसऱ्याकडे. आपल्याकडचा वेताळही असाच, इंद्रजाल कॉमिक्समध्ये वाचला म्हणून अनेकांना तो इथलाच वाटतो, पण तो १९३६ चा ली फॉकचा फँटम, हक्क किंग फीचर्सकडे.

'२०३४ ला सुपरमॅन फुकट, टीशर्ट छापू'

थांबा जरा. १ जानेवारी २०३४ ला अमेरिकेत कॉपीराइट सुटेल तो त्या पहिल्या अंकाचा. त्यातला सुपरमॅन उडत नाही, नुसत्या उड्या मारतो, आणि त्याला दुबळं करणारं क्रिप्टोनाइट तर अजून जन्मालाच यायचंय. छातीवरच्या 'एस'चा ट्रेडमार्क आहेच, तो वापरात ठेवून नूतनीकरण करत राहिलं तर संपत नाही. आणि पुण्यात छापणार असाल तर तिथल्या तारखेवर विसंबू नका, इथल्या वकिलाला विचारा.

स्वतः चित्रं काढून देणाऱ्यांसाठी एक आडवळण. आपल्याकडे हक्क परत मागायची ५६ वर्षांवाली सोय नाही, पण हक्क लिहून देताना कागदावर मुदत नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. म्हणून सही करताना 'कायमस्वरूपी' हा शब्द कुठे लपलाय का ते बघा.

आता तो सुरुवातीचा, बॅटमनवाला फिंगर. कानांसारखी टोकं असलेला बुरखा, कडक पंखांऐवजी झूल, करडा रंग, ब्रूस वेन आणि गॉथम ही नावं, सगळ्यात त्याचा हात. पण करार केनचा होता, नाव केनचं, आणि १९६५ ला केनने जाहीर पत्र लिहून फिंगरचा दावा उडवूनही लावला. फिंगर १९७४ ला गेला. केनने १९८९ च्या आत्मचरित्रात मान्य केलं की त्याला श्रेय मिळायला हवं होतं, वरातीमागून घोडं. अधिकृत श्रेय आलं २०१५ ला, तेही 'केन आणि फिंगर' असं नाही, 'केन, फिंगरसह' असं. तुम्ही मात्र दोन्ही नावं सरळ लिहा.

आणि जोकर? वर आलेला चित्रकार जेरी रॉबिन्सन म्हणायचा, पत्त्यातल्या जोकरवरून कल्पना माझी. केन म्हणायचा, तो फक्त पत्ता घेऊन आला, जोकर माझा आणि फिंगरचा. फिंगरने कॉनराड फाइट नावाच्या नटाचा फोटो आणला होता, चेहरा त्यावरून घेतला. तिघंही आता नाहीत. तो प्रश्न मी क्विझमधून काढूनच टाकलाय.