वाड्याच्या दाराचं जेवणाचं टेबल

पुण्यात पेठांमधले वाडे उतरवले की सागवानी दारं जुन्या लाकडाच्या वखारीत येतात. घेताना झडपेचा खालचा वीतभर भाग टोच्याने टोचून बघा. टोचा सहज आत गेला तर लाकूड कुजलंय. भोकांतून पिठासारखी ताजी भुकटी पडत असेल तर कीड जिवंत आहे. असं दार घरात आणूच नका.

जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडा पॉलिश पेपर मारू नका. रंग काढायचं रसायन लावून, हातमोजे आणि मास्क घालून खरवडा. मग लोहचुंबक फिरवून मोडके खिळे शोधा. एक राहिला तरी रंध्याचं पातं गेलं.

टेबलाची उंची 30 इंच. पाय थेट झडपेला ठोकू नका, खाली दोन आडव्या पट्ट्या द्या. पट्टीतली स्क्रूची भोकं लांबट पाडा, वॉशर घाला. इथे फेविकॉल अजिबात नको: पावसाळ्यात फळ्या रुंदीत फुगतात, उन्हाळ्यात आकसतात, आणि जखडल्या की तडकतात.

बिजागऱ्यांच्या खाचा सागाच्याच तुकड्यांनी भरा, लांबी (पुट्टी) भरली तर ती पुढे सुटते. कोरीव दारावर 10 मिलिमीटरची टफन्ड काच. माप दोनदा घ्या; ही काच नंतर कापता येत नाही.