चवथीच्या आदल्या दिवशी पेजवर शिव्या पडायला लागल्या की

गोव्यात फोंड्यातल्या एका फराळवाल्याचं फेसबुक पेज मी सांभाळतो. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी संध्याकाळी म्हार्दोळच्या एका बाईंनी आमच्या नेवऱ्यांचा (म्हणजे करंज्यांचा) फोटो पेजवर टाकला : 'खवट वास येतो. देवाला हे दाखवायचं?' अर्ध्या तासात खाली साठ कॉमेंट. लगेच मालककाकांचा फोन, "डिलीट मार रे ते सगळं!"

डिलीट मारू नका. स्क्रीनशॉट तोवर निघालेले असतात, मग नेवऱ्या राहतात बाजूला आणि लपवाछपवीचीच चर्चा होते. कुणाचा फोन नंबर, जातीवरून शिवी, एवढंच लपवायचं.

लिहिण्याआधी फोन फिरवा. पण तोवर गप्प बसू नका. 'तक्रार वाचली, तपासतोय, ७ वाजता सांगतो' एवढं तरी टाका. मी तळणाऱ्या मावशींना विचारलं, खोबरं कधीचं? दुपारच्या घाण्यांना नवं पोतं फोडलं होतं. उरलेलं खोबरं चाखलं तर खरंच खवट.

काकांनी मजकूर लिहून ठेवला होता : 'काही ग्राहकांची गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत.' या 'असल्यास'ने माणूस जास्त चिडतो. त्यात 'गैरसोय' कसली? २०१७ च्या एप्रिलमध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या विमानातून एका प्रवाशाला फरफटत बाहेर काढलं. व्हिडिओ जगभर फिरला. आणि कंपनीच्या प्रमुखांनी माफी कशाची मागितली, तर प्रवाशांची 'दुसरीकडे सोय करावी लागली' याची. लोक भडकले. दुसऱ्या दिवशी सरळ माफी मागावीच लागली.

आम्ही टाकलं ते असं : 'आज दुपारी २ नंतर नेलेल्या नेवऱ्यांत खवट खोबरं गेलंय. चूक आमची. नैवेद्याला वापरू नका. पाकीट आणा, पैसे परत. दुकान रात्री ११ पर्यंत उघडं. ताज्या नेवऱ्या मिळतील का, ते ९ वाजता सांगतो.' वेळ दिली की पाळायची, सांगण्यासारखं नवं काही नसलं तरी. २०१८ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमधल्या केएफसीची कोंबडीच संपली, शेकडो दुकानं बंद पडली. त्यांनी बादलीवरची आपलीच अक्षरं उलटीपालटी करून, जवळजवळ शिवी होईल अशी, पानभर जाहिरात दिली. सगळे त्या विनोदाचंच कौतुक करतात. मला मात्र कुठलं दुकान उघडं आहे याची त्यांनी दिलेली माहिती जास्त कामाची वाटते. आणि चवथीला असले विनोद आपण करू नयेत.

उत्तर ज्या भाषेत प्रश्न, त्याच भाषेत. आमच्याकडे मराठी येते, कोंकणी येते, कोंकणी रोमीत, म्हणजे रोमन लिपीतही येते. साठ जणांना एकच वाक्य चिकटवलंत तर एकसष्टावा त्यावरच हसेल. मजकुराचा फोटो करून व्हॉट्सअॅपवरही सोडा, पेज न बघणारे निम्मे तिथेच असतात.

रात्री दहाला काका स्वतः स्कूटरवरून ताज्या नेवऱ्या घेऊन म्हार्दोळला गेले. निघताना मी एवढंच बजावलं, "काका, फोटो पेजवरून काढायला सांगू नका हां." फोटो अजून आहे. खाली बाईंचा कोंकणीत एकच शब्द : 'पावल्यो', म्हणजे पोचल्या.