जुन्या शेवीचं इनटेक आणि कार्ब बदलताना: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

आमच्या वर्कशॉपमध्ये नवीन माणसाच्या हातात कोणी लगेच उघडं इंजिन देत नाही. त्याला आधी मिळतं ते इनटेक मॅनिफोल्ड (कार्बमधून सिलिंडरांकडे हवा-पेट्रोल नेणारा भाग) आणि कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब, बदलायचं काम. पाने-पकडी साध्याच लागतात, क्रँक-पिस्टनला हात लागत नाही. पण या एका कामात पेट्रोल, हवा, पाणी, तेल, ठिणगी आणि गिअरबॉक्स असे सगळेच धागे एकत्र येतात. माणूस धांदरट आहे की नीटस, ते इथे लगेच कळतं.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरच्या वर्कशॉपांत वाढलो, मिशिगनमध्ये एमएस केलं, आता दिवसा इंजिन कॅलिब्रेशनची नोकरी करतो आणि शनिवारी डेट्रॉइटजवळच्या एका रिस्टोरेशन वर्कशॉपमध्ये असतो. नोकरीपायी इकडे आलेली आपली मुलं विचारतात की जुन्या गाड्यांचं काम शिकायचं तर सुरुवात कुठून करू. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी कागदपत्रांचं बोलू. विद्यार्थी व्हिसावर किंवा एच-१बीवर असाल तर वर्कशॉपमध्ये शनिवार-रविवारची पगारी नोकरी अशीच धरता येत नाही. मी ग्रीन कार्ड मिळाल्यावरच या वाटेला गेलो. 'पगार नको, फुकट येतो' म्हणणंही सुरक्षित नाही, कारण धंद्याच्या जागी फुकट केलेलं कामही काम धरलं जाऊ शकतं. तोवर कम्युनिटी कॉलेजचे संध्याकाळचे वर्ग आहेत, स्वतःची नाहीतर मित्राची गाडी आहे. मिशिगनमध्ये पैसे घेऊन गाडी दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला राज्याचं प्रमाणपत्र लागतं, नवशिक्यांसाठी ट्रेनी परमिटची सोय आहे. पूर्णवेळ याच क्षेत्रात उतरायचं असेल तर कॅन्ससमधल्या मॅकफर्सन कॉलेजात ऑटोमोटिव्ह रिस्टोरेशनची चार वर्षांची पदवी मिळते. हे आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नसतं.

आता कामाकडे येऊ. शेव्हरोलेचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ आलं १९५५ साली, २६५ क्युबिक इंचाचं. त्याचा ३५० क्युबिक इंचाचा अवतार १९६७ च्या कमॅरोत पहिल्यांदा दिसला आणि मग जवळजवळ सगळ्या शेवी गाड्यांत पसरला. शिकायला यापेक्षा बरं इंजिन नाही. पार्ट कुठेही मिळतात आणि माहिती देणारे म्हातारे अजून हयात आहेत. उदाहरणासाठी शेव्हरोलेचीच १९७२ ची शेव्हेल घेऊ, ३५० चं इंजिन आणि वर दोन बॅरलचा (हवेच्या दोन नळ्यांचा) रॉचेस्टर कार्ब. मालकाला हवंय चार बॅरलचं ॲल्युमिनियम मॅनिफोल्ड आणि नवा कार्ब.

पहिलं काम मालकाच्या अपेक्षा जमिनीवर आणायचं. १९७२ च्या शेव्हेलमध्ये कारखान्याच्याच आकड्यांप्रमाणे दोन बॅरलचं ३५० होतं १६५ अश्वशक्तीचं आणि चार बॅरलचं १७५ चं. फरक दहाचा. चांगलं ड्युअल प्लेन (आतल्या वाटा दोन मजल्यांत विभागलेलं) मॅनिफोल्ड आणि नीट ट्यून केलेला कार्ब बसवला तर पिकअप सुधारतो, वरच्या आरपीएमला गाडी मोकळी पळते, हे खरं. पण एक्झॉस्ट आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) जुनेच ठेवून गाडी रॉकेट होणार नाही. हे आधी सांगितलं नाही तर गाडी नेताना मालकाचं तोंड वाकडं होतं आणि बोल तुम्हाला लागतो.

दुसरा घोळ कार्बच्या मापाचा. जो तो मोठा कार्ब मागतो. हिशोब सोपा आहे. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पोटभर हवा ओढतं आणि एका घनफुटात १७२८ घनइंच असतात, म्हणून ३५० गुणिले ५५०० आरपीएम भागिले ३४५६. उत्तर येतं सुमारे ५५७ सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट हवा. तेही सिलिंडर शंभर टक्के भरला असं धरून. रस्त्यावरचं साधं इंजिन ८५ टक्क्यांच्या आसपास भरतं, म्हणजे गरज साधारण ४७५ ची. ६०० सीएफएमचा कार्ब पुरून उरतो. ७५० किंवा ८५० चा डबल पंपर (दोन ॲक्सिलरेटर पंपांचा कार्ब) बसवलात तर खालच्या आरपीएमला हवेचा वेग पडतो, व्हेंच्युरीला (कार्बच्या अरुंद गळ्याला) पेट्रोल नीट ओढता येत नाही आणि सिग्नलवरून निघताना गाडी अडखळते.

इथे एक आडवा मुद्दा. चार बॅरलचा मूळ रॉचेस्टर क्वाड्राजेट गाडीवर असेल तर तो फेकायची घाई करू नका. १९६५ मध्ये आलेला हा कार्ब पुढचे दोन बॅरल बारीक आणि मागचे दोन भलेमोठे ठेवतो. शहरात पेट्रोल वाचतं आणि पाय दाबला की हवा भरपूर मिळते. लोक त्याला 'क्वाड्राजंक' म्हणून हिणवतात, पण बहुतेक वेळा दोष कार्बचा नसतो. झिजलेला थ्रॉटल शाफ्ट, बुडालेला फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) किंवा आधीच्या कोणीतरी केलेली खुडबुड असते. माझं मत विचाराल तर निम्म्या गाड्यांना नवा कार्ब नको असतो, एक रिबिल्ड किट आणि शांत डोकं पुरतं. आणि तो काढणारच असाल तर लक्षात ठेवा, क्वाड्राजेटचं तोंड स्प्रेड-बोअर (पुढे बारीक, मागे मोठी भोकं) आणि बाजारातले बरेच कार्ब स्क्वेअर-बोअर (चारही भोकं जवळपास सारखी). मॅनिफोल्ड आणि कार्ब जोडीनेच निवडायचे.

म्हणून पान्याला हात लावण्याआधी आहे ते मोजा. गाडी गरम करून व्हॅक्यूम गेज लावा. निरोगी स्टॉक (कारखान्यातून आलं तसंच) इंजिन स्लोला, म्हणजे आयडलला, पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतं आणि काटा स्थिर राहतो. टायमिंग लाइटने ठिणगीचं टायमिंग बघा, कॉम्प्रेशन तपासा, सगळं वहीत लिहा. एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह जळलेला असेल तर नवं मॅनिफोल्ड लावून काय उपयोग? ही वही नंतर तुमची बाजू मांडते. व्हॅक्यूमच्या नळ्यांचे फोटो काढा, प्रत्येकीला मास्किंग टेप लावून नाव द्या.

इंजिन गार असताना बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि रेडिएटरमधलं पाणी मॅनिफोल्डच्या पातळीखाली उतरवा. मग एक नंबरचा सिलिंडर, म्हणजे ड्रायव्हरच्या (इथे डाव्या) बाजूचा सगळ्यात पुढचा, कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागी) आणा. डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाची) कॅप काढून आतला फिरता रोटर कुठे बघतोय त्याची खूण करा, बॉडीचीही करा. आता डिस्ट्रिब्युटर वर उचला. खालचा गिअर तिरक्या दात्यांचा असल्याने उचलताना रोटर थोडा फिरतो. तो फिरून जिथे थांबेल तिथे दुसरी खूण. परत बसवताना दुसऱ्या खुणेवरून सुरुवात केली की तो फिरत फिरत पहिल्या खुणेवर येतो. येऊनही पूर्ण खाली बसत नसेल तर ठोकू नका. खाली ऑइल पंपाच्या दांड्याची खाच जुळलेली नसते. लांब स्क्रूड्रायव्हरने दांडा किंचित फिरवा, डिस्ट्रिब्युटर आपोआप बसतो. मधल्या काळात क्रँक कोणी फिरवायचा नाही. तशी चिठ्ठी आम्ही स्टिअरिंगला चिकटवतो.

बारा बोल्ट निघाले की जुनं बिडाचं मॅनिफोल्ड चिकटून बसलेलं असतं. कडेला पहार घालून हळू उचका. वजन बऱ्यापैकी असतं, फेंडरवर वाकून एकट्याने उचलाल तर कंबर धरेल. ते निघालं की हेडच्या पोर्टमध्ये आणि लिफ्टरच्या दरीत (मॅनिफोल्डखालच्या खोलगट जागेत) चिंध्या कोंबा, किती कोंबल्या ते लिहा आणि तेवढ्याच बाहेर काढा. जुनं पॅकिंग खरवडताना त्याचे तुकडे आत पडले तर थेट तेलात जातात.

ज्या टप्प्यावर काम बनतं किंवा बिघडतं तो आता येतो. पॅकिंग सेटमध्ये पुढच्या आणि मागच्या कडेसाठी कॉर्कच्या किंवा रबरी पट्ट्या येतात. त्या बाजूला ठेवा. बोल्ट आवळताना त्या सरकून बाहेर येतात आणि तिथून तेल गळतं. त्याऐवजी ब्लॉकच्या दोन्ही कडांवर आरटीव्ही सिलिकोनची (हवेत सुकणाऱ्या सीलंटची) पाव इंच जाड अखंड रेघ ओढा. कोपऱ्यात ती साइड पॅकिंगच्या टोकावर थोडी चढली पाहिजे, कारण गळती नेहमी कोपऱ्यातूनच होते. पाण्याच्या भोकांभोवती पातळ हात फिरवा. पृष्ठभाग आधी ब्रेक क्लीनरने कोरडे ठणठणीत केलेले हवेत, तेलकट लोखंडावर सिलिकोन धरत नाही. रेघेवर किंचित साय धरली की मॅनिफोल्ड दोघांनी धरून सरळ खाली ठेवायचं. पुढे-मागे सरकवलं तर रेघ पुसली जाते, मग सगळं उचलून, पुसून, पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडचे जुने कारागीर दोन बोल्टच्या भोकांत डोकं उडवलेले लांब स्टड उभे करतात आणि मॅनिफोल्ड त्यांच्यावरून उतरवतात. चुकायला जागाच राहत नाही.

बोल्ट सगळे आधी हाताने लावा. एखादा हाताने जात नसेल तर थांबा. कधी हेड मशीन केलेले असतात आणि भोकं जुळत नाहीत, तिथे पाना चालवला तर आटे जातात. काही बोल्टची टोकं आत तेलाच्या बाजूला उघडतात म्हणून आट्यांना सीलंट लावायचं. मधून बाहेर, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. ॲल्युमिनियम मॅनिफोल्डला शेवटचा टॉर्क साधारण २५ पौंड-फूट, पण सोबत आलेल्या कागदावर जो आकडा असेल तोच पाळा.

कार्ब बसवणं त्यामानाने सोपं. इलेक्ट्रिक चोकला किल्ली फिरवल्यावर येणारा १२ व्होल्टचा सप्लाय द्या, कॉइलवरून घेऊ नका. पेट्रोलचा दाब ५ ते ६ पीएसआय पुरतो, जास्त झाला की नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) उचलली जाऊन कार्ब ओव्हरफ्लो होतो. सहकाऱ्याला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि थ्रॉटल खरोखर पूर्ण उघडतोय का, सोडल्यावर झटकन मिटतोय का ते डोळ्यांनी बघा. या शेव्हेलमध्ये टर्बो ३५० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर त्याची केबल फक्त किकडाउनची (पाय दाबला की खालचा गिअर टाकण्याची). पण कोणी पुढे ७००आर४ हा नंतरचा ऑटोमॅटिक बसवला असेल तर जपून. तिथली टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल गिअरबॉक्समधला तेलाचा दाब ठरवते. कार्बवरच्या लिव्हरची भूमिती चुकली तर थोडक्या मैलांत क्लच जळतात आणि काही शे डॉलरच्या कार्बपायी हजारोंचा गिअरबॉक्स जातो. नवं मॅनिफोल्ड उंच असतं, म्हणून एअर क्लीनरवर मऊ मातीचे गोळे ठेवून बॉनेट अलगद टेकवून पाहा. माती किती दबली त्यावरून जागा कळते.

पहिल्या स्टार्टला अग्निशामक हाताशी. इंजिन लागलं की टायमिंग लावा, त्या वेळी व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (व्हॅक्यूमने टायमिंग पुढे नेणाऱ्या भागाची) नळी काढून तिचं तोंड बंद करायचं. मग गाडी पूर्ण गरम झाल्यावर मिक्श्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण. दोन्ही स्क्रू दीड फेरी उघडे ठेवून सुरुवात करा, गेजवर सगळ्यात जास्त व्हॅक्यूम मिळेपर्यंत एकेक थोडा थोडा फिरवा आणि स्लो परत जागेवर आणा. स्क्रू फिरवून इंजिनावर काहीच परिणाम होत नसेल तर थ्रॉटलच्या पाकळ्या फार उघड्या आहेत. ट्रान्सफर स्लॉट (पाकळीजवळची पेट्रोलची चीर) उघडा पडलाय आणि इंजिन तिथून पेट्रोल पितंय. अशा वेळी बेस टायमिंग तपासा, स्लोचा स्क्रू मागे घ्या.

स्लो टिकत नाही, सारखा वरखाली होतो, तर समजा कुठूनतरी एअर घेतेय. बाहेरच्या कडा सगळे तपासतात. खालची बाजू कोणी बघत नाही. पॅकिंग खालून, लिफ्टरच्या दरीच्या बाजूने सुटलं असेल तर इंजिन क्रँककेसमधली तेलकट हवा ओढतं. बाहेरून स्प्रे मारून काही कळत नाही, पण प्लग तेलकट होतात आणि निळसर धूर दिसतो. पीसीव्हीची (क्रँककेसमधली हवा इनटेकला नेणारी) नळी काढून दोन्ही बाजू बंद करा, उरलेले ब्रीदर बंद करा आणि तेल भरायच्या तोंडावर तळवा ठेवा. तळवा आत ओढला गेला तर मॅनिफोल्ड पुन्हा उतरवायचं.

दिवसाच्या नोकरीत मला याचा फायदा झाला. फ्युएल इंजेक्शनच्या कॅलिब्रेशनमध्ये स्लोचं इंधन, झटक्याने थ्रॉटल उघडल्यावर द्यायचं जादा इंधन, पूर्ण लोडचं समृद्ध (जास्त पेट्रोलचं) मिश्रण, गार इंजिनाची वाढीव मात्रा, हे सगळे आकड्यांचे तक्ते असतात. कार्बमध्ये त्याच गोष्टी आयडल सर्किट, ॲक्सिलरेटर पंप, पॉवर सर्किट आणि चोक म्हणून बोटांनी चाचपता येतात. मुलाखतीत मला अचानक थ्रॉटल उघडल्यावर मिश्रण पातळ का होतं असं विचारलं होतं. उत्तर पाठ करावं लागलं नाही, ॲक्सिलरेटर पंपाची गळकी डायाफ्राम डोळ्यांसमोर होती.

राज्याचे नियम आधी बघून घ्या. मिशिगनमध्ये प्रवासी गाड्यांची धूर तपासणी नाही. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना सूट आहे, म्हणजे ही शेव्हेल सुटली. पण १९७६ किंवा नंतरची गाडी असेल तर मान्यता नसलेलं मॅनिफोल्ड तपासणीत अडकतं. थंडीच्या राज्यात मॅनिफोल्डखालचा एक्झॉस्टचा उष्ण मार्ग बंद करू नका. वेगाच्या हौसेने लोक तो बुजवतात आणि जानेवारीत गाडी वीस मिनिटं घुटमळत राहते.

साधारण शंभर मैल चालल्यावर गाडी परत बोलवा. गार इंजिनावर बोल्टचा टॉर्क तपासा, कोपऱ्यांवर बोट फिरवून तेल बघा, कूलंटची पातळी बघा. आणि काढलेलं जुनं मॅनिफोल्ड, कार्ब, एअर क्लीनर, अगदी ब्रॅकेटसुद्धा, खोक्यात भरून वर गाडीचं साल लिहून मालकाच्या हवाली करा. गाडी विकताना मूळ पार्ट सोबत असले की गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतं, आणि भंगारात दिलेलं खोकं मालकाला नेमकं तेव्हाच आठवतं.