मामांचा एक्सपी: जुन्या डब्यात जुनी विंडोज टाकायची आणि टिकवायची कशी

इंदूरच्या रामबागेत माझ्या मामांची एक छोटी खोली आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं आणि दर गणेशोत्सवात एका मंडळाची स्मरणिका तिथे जुळवली जाते. टेबलाखाली पेंटियम फोरचा डबा, आणि त्याच्या पाठीला प्रिंटरच्या पोर्टात खोचलेलं डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरला कुलपाच्या किल्लीसारखी लागणारी छोटी डबी. त्या डोंगलशिवाय मामांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि ते सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीच्या पुढे पाऊल टाकत नाही. उन्हाळ्यात एक दिवस डबा बसला. मी नवीन मशीनचा विषय काढला तर मामा म्हणाले, "घे की. पण माझ्या वीस वर्षांच्या फाइली तुझा नवा डबा वाचणार आहे का, तेवढं आधी सांग."

वाचणार नव्हता. म्हणून एक्सपी परत टाकला. ते करताना जे जमलं आणि जे चुकलं, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी कारण तपासा

एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आला आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार काढून घेतला. त्यानंतर सापडलेली सुरक्षेतली भोकं, एक-दोन अपवाद सोडले, तर उघडीच आहेत. त्यामुळे "जुना कॉम्प्युटर पडून आहे, मुलांना यूट्यूबला होईल" एवढंच कारण असेल तर एक्सपी टाकू नका. क्रोम त्याच्यावर ४९व्या आवृत्तीला थांबला, फायरफॉक्स ५२व्या. आजच्या निम्म्या साइट धड उघडणारही नाहीत. तशा कामाला डेबियन लिनक्स १२ची ३२-बिट आवृत्ती बरी. डेबियन १३मध्ये ३२-बिट पीसीवर थेट बसवायची सोय काढून टाकली आहे, एवढं लक्षात ठेवा.

एक्सपी टाकायचा तो एका ठरावीक कामासाठी: डोंगलवरचं सॉफ्टवेअर, नव्या विंडोजमध्ये ड्रायव्हर नसलेला स्कॅनर, पेजमेकर या जुन्या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरच्या फाइली, एखादं जुनं यंत्र चालवणारं कार्ड. ते काम कागदावर एका ओळीत लिहा. ओळ लिहिता आली नाही तर पुढचं वाचायची गरज नाही.

डबा उघडा

आमचं शहर स्वच्छतेत २०१७पासून वर्षानुवर्षं पहिलं येतंय, पण कॅबिनेटच्या आत अजून नगर निगमची गाडी पोहोचलेली नाही. मामांच्या डब्यातून निघालेल्या धुळीत एक गणपतीची छोटी पत्रिकासुद्धा सापडली. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झालेली असते; पुसून नवी लावा.

मग टॉर्च घेऊन मदरबोर्डवरचे कपॅसिटर बघा. २०००च्या पहिल्या काही वर्षांतल्या पुष्कळ बोर्डांवर निकृष्ट कपॅसिटर लागले होते. डोकं सपाट असेल तर ठीक. फुगलेलं किंवा तपकिरी चिकट द्रव आलेलं दिसलं तर आधी ते बदलून घ्या, नाहीतर इन्स्टॉल अर्ध्यात लटकेल आणि तुम्ही सीडीला शिव्या द्याल. मी दिल्या. दोन संध्याकाळी गेल्या त्यात.

रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर फिरवायची जुनी युक्ती अजून चालते. फक्त रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. बोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला. तो मेला की तारीख मागे जाते, बायोसची (मशीन चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा बोर्डवरचा प्रोग्राम) सेटिंगं पुसली जातात, आणि फाइलींवर २००२ सालच्या तारखा पडू लागतात. मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्राम सीडीवर घालून रात्रभर चालवा. सकाळी एक जरी लाल ओळ दिसली तरी ती रॅम काढा. एक्सपीला १ जीबी भरपूर होते, आणि ३२-बिट असल्यामुळे ४ जीबी लावली तरी सगळी दिसत नाही. तेव्हा रॅमवर फार खर्च करू नका.

जुनी डिस्क पुसू नका

या लेखातलं एकच वाक्य पाळायचं असेल तर हे पाळा: ज्या डिस्कवर जुना संसार आहे, तिच्यावर नवीन विंडोज टाकू नका. ती काढा, बाजूला ठेवा, नवी (किंवा तपासलेली जुनी) लावा. "सी फॉरमॅट करू, डी राहील" म्हणणारे मेकॅनिक भेटतात. आमच्या ओळखीच्या एकाने असंच केलं आणि पार्टिशन निवडताना बाण एक ओळ जास्त खाली गेला.

इंदूरच्या जेल रोडवर आयडीई (जुनी, रुंद पट्टीच्या केबलची) आणि साटा (नवी, बारीक केबलची) दोन्ही डिस्कना यूएसबी करणारा अडॅप्टर मिळतो. घेताना त्यासोबत वेगळा पॉवरचा अडॅप्टर आहे ना ते बघा. साडेतीन इंची डिस्क फक्त यूएसबीच्या करंटवर फिरत नाही. त्याने जुनी डिस्क घरच्या नव्या मशीनला लावा आणि आधी सगळं उतरवून घ्या. फॉन्टचा फोल्डर विसरू नका. श्रीलिपी, आकृती अशा जुन्या सॉफ्टवेअरांचा मजकूर युनिकोडमध्ये नसतो. फॉन्ट गेला की "चि. सौ. कां." च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते.

बायोसमधली मेख

नवी डिस्क साटा असेल तर बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. एक्सपीच्या सीडीत एएचसीआय मोडचे, म्हणजे साटा डिस्कशी बोलायच्या नव्या पद्धतीचे, ड्रायव्हर नाहीत. सेटअप सुरू होतं, थोडं पुढे जातं आणि निळी पाटी येते. आकड्याच्या शेवटी ७बी. डिस्क खराब नाही, सीडीही खराब नाही. मशीन चालू होताना डिलीट (काहींत एफ२) दाबून बायोसमध्ये जा, साटाचा मोड एएचसीआयऐवजी आयडीई किंवा कम्पॅटिबल करा. हे इन्स्टॉलच्या आधी करा. नंतर मोड बदललात तर तीच पाटी पुन्हा.

दुसरी अडचण आकाराची. सर्व्हिस पॅक (मायक्रोसॉफ्टने दिलेला दुरुस्त्यांचा गठ्ठा) १च्या आधीच्या सीडीला १३७ जीबीच्या पुढची डिस्क ओळखता येत नाही. सीडीवर सर्व्हिस पॅक २ किंवा ३ छापलेलं असेल तर प्रश्न नाही. २ टीबीच्या वरच्या डिस्कचा विचारच सोडा.

एसएसडी लावणार असाल तर पार्टिशन आधी नव्या मशीनवर करून आणा. एक्सपी स्वतः करतो तेव्हा पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू होतं आणि ते आजच्या डिस्कच्या ४ केबीच्या मापाशी जुळत नाही, लिहिण्याचा वेग पडतो. शिवाय एक्सपीला ट्रिम, म्हणजे पुसलेली जागा एसएसडीला कळवणं, माहीत नाही. थोडी जागा पार्टिशनच्या बाहेर मोकळी सोडा.

बायोसमध्ये आहातच तर समांतर (प्रिंटरच्या) पोर्टचा मोडही बघून घ्या. मामांच्या डोंगलला ईसीपी मोड मानवला नाही, जुना साधा एसपीपी मोड केल्यावर लगेच ओळख पटली. आणि हे डोंगल मशीन चालू असताना काढू-घालू नये. तो पेन ड्राइव्ह नव्हे.

प्रत्यक्ष इन्स्टॉल

लॅनची केबल काढून ठेवा. सीडी आपली, मशीनसोबत आलेलीच वापरा. इंटरनेटवरच्या "सगळं घालून दिलेल्या" एक्सपीत काय काय घातलंय हे देवालाच ठाऊक. कॅबिनेटवरच्या स्टिकरवरची २५ अक्षरी की पुसट होण्याआधी तिचा फोटो काढा. ब्रँडेड मशीनची की दुकानातल्या सुट्या सीडीला सहसा चालत नाही, जोडी जोडीनेच लागते.

पहिला बूट सीडीवरून ठेवा, पडद्यावर सांगेल तेव्हा कोणतीही की दाबा. निळ्या पडद्यावर एंटर, मग एफ८ने अटी मान्य, मग पार्टिशन. फॉरमॅट एनटीएफएस करा, आणि डिस्क जुनी असेल तर "क्विक" घेऊ नका. पूर्ण फॉरमॅट खराब सेक्टर शोधतं, वेळ लागला तरी चालेल. फाइली उतरल्या की मशीन आपोआप बंद होऊन चालू होईल. या वेळी "कोणतीही की दाबा" येईल तेव्हा हात मागे घ्या. दाबली की सगळं पहिल्यापासून सुरू. पुढे पडदा सांगतो, ३९ मिनिटं लागतील. ही आमच्या इंदुरातल्या "बस, पाच मिनिटांत आलोच" सारखी मिनिटं आहेत. मधूनच वेळ आणि भाषा विचारेल, म्हणून फार लांब जाऊ नका.

ड्रायव्हर टाकताना क्रम पाळा: आधी चिपसेट, मग ग्राफिक, मग आवाज वगैरे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं प्रश्नचिन्ह राहिलं तर त्याच्या गुणधर्मांत हार्डवेअरचा क्रमांक बघा. व्हेंडरसाठी ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रियलटेक. त्या पूर्ण क्रमांकाने नव्या मशीनवर शोधा आणि पेन ड्राइव्हवरून आणा.

मग सर्व्हिस पॅक ३. एक्सपीतलं विंडोज अपडेट आता चालत नाही, त्यामुळे पूर्ण पॅकेज (सुमारे ३१६ एमबी) फाइलच्या रूपात हवं. त्यावर दोन पॅच जरूर टाका. पहिला केबी ४०१२५९८, मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरल्यावर मायक्रोसॉफ्टने मुद्दाम दिलेला; दुसरा मे २०१९चा केबी ४५००३३१. अपवाद म्हणालो ते हेच.

मराठीसाठी एक टिक

एक्सपीत मराठी आहे, पण झोपलेली. कंट्रोल पॅनेलमध्ये रिजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, दुसरा टॅब लँग्वेजेस. तिथे कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या फाइली बसवण्याची चौकट रिकामी असते, तिथे टिक करा. सीडी मागेल. मंगल फॉन्ट येतो, अक्षरं नीट जुळतात, कीबोर्डमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडता येतो. ही टिक नसली की "क्ष" फुटून "क्‌ष" होतो आणि ऱ्हस्व इकार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. सीडीतला आय३८६ फोल्डर डिस्कवर उतरवून ठेवलात तर पुढच्या वेळी सीडी शोधावी लागणार नाही.

नेटपासून दूर

मामांचा डबा नेटला जोडलेला नाही. मामांना हे पटायला आठ दिवस लागले. "अँटीव्हायरस टाक ना," म्हणाले. पण ज्या घराला कडीच नाही, तिथे नुसता गुरखा बसवून काय होणार? मी लॅन कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल केलं, म्हणजे कोणी उत्साहाने केबल लावली तरी उपयोग नाही.

घरच्या विंडोज १०शी फाइल शेअरिंगही सोडून द्या. एक्सपीला फक्त एसएमबीची (विंडोजची फाइल शेअरिंगची पद्धत) पहिली आवृत्ती येते, आणि नव्या विंडोजने ती बंद ठेवली आहे. तिथे ती चालू करण्याचे सल्ले मिळतील. वॉनाक्राय त्याच दारातून शिरला होता.

मग येणं-जाणं पेन ड्राइव्हने. एकच ठेवा, छोटा, एफएटी३२मध्ये फॉरमॅट केलेला, दुसऱ्या कुठल्या कामाला न वापरायचा. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह थेट एक्सपीला कधीच लावू नका. आधी नव्या मशीनवर तपासा, हवी ती फाइल आपल्या पेन ड्राइव्हवर घ्या. एक्सपी प्रोफेशनल असेल तर ग्रुप पॉलिसीत सिस्टिमखाली ऑटोप्ले (ड्राइव्ह लावताच आपोआप चालू होणं) बंद करा, सर्व ड्राइव्हसाठी. जुने पेन ड्राइव्हचे व्हायरस तिथूनच सुटायचे.

देखभाल

सगळं बसलं, डोंगल ओळखलं, एक पत्रिका छापून बघितली, की त्याच दिवशी डिस्क काढून नव्या मशीनला लावा आणि क्लोनझिला या प्रोग्रामने पूर्ण इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, घ्या. पुढे काही बिघडलं तर ३९ मिनिटं आणि ड्रायव्हरांची शोधाशोध नाही. इमेज परत टाकली की झालं. मामांची इमेज दोन ठिकाणी आहे, एक माझ्याकडे आणि एक त्यांच्या कपाटात, पंचांगांच्या गठ्ठ्याखाली.

पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी डबा तासभर चालवा, ओल बसत नाही. विजा कडाडत असतील तर यूपीएसवर विसंबू नका, प्लग काढा. तीन-चार महिन्यांनी सी ड्राइव्हच्या गुणधर्मांतून एरर चेकिंग चालवा. डीफ्रॅग फक्त फिरत्या डिस्कला, एसएसडीला नाही. वेग वाढवणारे, रजिस्ट्री साफ करणारे प्रोग्राम टाकू नका. चांगला चाललेला एक्सपी त्यांनीच सगळ्यात जास्त बिघडतो.

याच्याच जोडीने फाइली बाहेर काढायचं काम हळूहळू सुरू ठेवा. पेजमेकर ६ आणि त्यापुढच्या फाइली इनडिझाइनच्या (पेजमेकरनंतर आलेलं सॉफ्टवेअर) सीएस६पर्यंतच्या आवृत्त्यांत उघडतात, नंतरच्या नाही. आम्ही सोपा मार्ग धरला: एक्सपीवरच पीडीएफ बनवणारा प्रिंटर बसवला, आणि मामा रोज दुपारी चहानंतर दहा फाइली पीडीएफ करतात. मजकूर पुन्हा वापरायचा असेल तो तेवढा कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये नेतो. जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासावे लागतात. सध्या २००९ची स्मरणिका चालू आहे.